यादी कोणाची, निवाडा कोणाचा?

३१ जानेवारी २०२१ रोजी, रविवारी, जगातील अनेक मेल सर्व्हरनी येणारी पत्रे एकाएकी परत पाठविण्यास प्रारंभ केला. पत्रे पाठविणाऱ्यांचा काहीही अपराध नव्हता. नको असलेल्या जाहिरातबाज ई-मेलचा, म्हणजे स्पॅमचा, उगम कोठे आहे हे सांगणारी ‘स्पॅमकॉप’ नावाची एक काळी यादी आहे. १९९८ पासून चालत आलेली ही यादी आता सिस्को या बलाढ्य अमेरिकन कंपनीच्या ताब्यात आहे. या यादीच्या इंटरनेटवरील नावाची मुदत संपली आणि ते वेळेवर नव्याने नोंदविले गेले नाही. अशा मुदत संपलेल्या नावाखाली काहीही विचारले तरी एकच ठरीव उत्तर मिळावे, अशी नोंदणी कंपन्यांची रीत असते. इकडे मेल सर्व्हर नेहमीप्रमाणे ‘अमुक पत्ता तुमच्या यादीत आहे काय?’ असे विचारीत राहिले आणि कोणतेही उत्तर आले की त्याचा अर्थ ‘आहे’ असाच घ्यावयाचा, असे त्यांतील अनेकांना शिकविलेले होते. परिणामी, त्या सर्व्हरपुरते तरी, काही काळ सारे जगच दोषी ठरले.

चूक लक्षात आल्यावर नावाची नोंदणी पुन्हा झाली, पत्रव्यवहार सुरळीत झाला आणि घटना विस्मृतीत गेली. तथापि एका कारकुनी ढिलाईचा किस्सा म्हणून ती सोडून देणे योग्य होणार नाही. इंटरनेटवरील समाजाने स्वतः तक्रारी कराव्या, त्यांच्या आधारे स्वतःच याद्या तयार कराव्या आणि कोणाचे पत्र पोहोचावे व कोणाचे पोहोचू नये हे त्या याद्यांवरून ठरावे, ही व्यवस्था पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. तिने मोठे काम केले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शिक्षा देण्याचा अधिकार तिच्याकडे आला आणि त्या अधिकाराबरोबर यावयास हवी होती ती जबाबदारी मात्र आली नाही. या व्यवस्थेतील बहुतेक सारे धोके या एका विसंगतीतून निघालेले आहेत.

उपद्रव आणि उपाय

याद्या का निर्माण झाल्या, हे आधी समजून घेतले पाहिजे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरील सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. तो पहिला स्पॅम समजला जातो. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची आपली जाहिरात यूजनेटवरील हजारो चर्चागटांवर लावली. त्यानंतर या धंद्याला जो ऊत आला तो आजतागायत ओसरलेला नाही. जगातील एकूण ई-मेलपैकी जवळजवळ निम्मा स्पॅम असतो, असे या क्षेत्रातील कंपन्यांचे अलीकडचे अंदाज सांगतात.

याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. पोस्टाच्या पत्राला तिकीट लावावे लागते; म्हणून जाहिरात धाडणारा चार वेळा विचार करतो. ई-मेलमध्ये लाख पत्रे पाठविण्यास जवळजवळ काहीच पडत नाही आणि ती साठविण्याचा, चाळण्याचा व फेकून देण्याचा भार सर्वस्वी घेणाऱ्यावर पडतो. अशा वेळी घेणाऱ्यांनी एकत्र येऊन उपद्रवी पाठविणाऱ्यांची नावे एकमेकांस कळवावी, हा विचार अगदी स्वाभाविक होता. १९९७ साली पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड या दोन तंत्रज्ञांनी ‘रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट’ ही यादी सुरू केली. ती चालविण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे आद्याक्षरी नाव ‘मॅप्स’ असे होते. त्याची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘स्पॅम’ होतो.

या याद्यांची कार्यपद्धती मोठी चतुर आहे. अनोळखी सर्व्हरने पत्र घेऊन दार ठोठावले की घरचा सर्व्हर त्याचा अंकी आय.पी. पत्ता उलट्या क्रमाने लिहून यादीच्या नावास जोडतो. नावावरून पत्ता शोधण्याची जी व्यवस्था इंटरनेटवर अहोरात्र चालू असते, तिच्यातूनच मग तो चौकशी करतो. १२७ या अंकाने सुरू होणारे ठरावीक उत्तर आले तर पत्ता यादीत आहे. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे उत्तर आले तर नाही. निमिषार्धात निकाल लागतो आणि पत्र उघडूनही न पाहता परत जाते. स्वस्त, जलद आणि सोपा असा हा उपाय जगभर पसरला, यात नवल नाही.

जबाबदारी कोणाची?

या व्यवस्थेत तीन पक्ष आहेत: तक्रार करणारा, यादी करणारा आणि यादी वापरणारा. निरपराध माणसाचे पत्र अडले आणि त्याने विचारणा केली, म्हणजे तिघांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात. तक्रार करणारा म्हणतो, मी फक्त एक बटण दाबले. कोणाला बंद करा असे सांगितले नाही. यादी करणारा म्हणतो, मी केवळ माझे मत प्रसिद्ध करतो. ते कोणी मानावे अशी माझी सक्ती नाही. यादी वापरणारा म्हणतो, सर्व्हर माझा आहे, कोणाला आत घ्यावे हे मी ठरवीन; आणि तुमच्याविषयी माझे काही म्हणणे नाही, यादीवाल्याकडे जा. यांपैकी प्रत्येकाचे विधान, सुटे घेतले तर, खरे आहे. तिन्ही एकत्र केली तर मात्र असे दिसते की, शिक्षा झाली आहे परंतु ती देणारा कोणीच नाही.

महाराष्ट्राला हा प्रकार अपरिचित नाही. वाळीत टाकण्याच्या प्रथेत हेच घडत आले. पंच म्हणत, आम्ही केवळ गावकीचे मत सांगितले; दुकानदार म्हणे, मी माझ्या दुकानात कोणाला माल द्यावा हा माझा प्रश्न आहे; शेजारी म्हणे, मी फक्त गप्प राहिलो. वाळीत पडलेल्या कुटुंबाने दाद मागावी ती कोणाकडे? हा जाच मोडण्यासाठी २०१६ साली राज्याच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ई-मेलच्या याद्या आणि जातपंचायती यांना एका तागडीत तोलण्याचा येथे हेतू नाही. एकात माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते, दुसऱ्यात पत्र अडते. परंतु समूहाने दिलेली शिक्षा कोणा एकाची नसते आणि म्हणूनच ती मागे घेण्याची जबाबदारीही कोणा एकाची नसते, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

समाज म्हणजे कोण?

‘समाजाने केलेली यादी’ असे म्हटले की सर्वसंमतीचा भास होतो. प्रत्यक्षात हा समाज कोणाचा बनलेला असतो? तक्रार करण्याची सवय व सवड असलेल्यांचा. अशा माणसांच्या तक्रारींत रागाची, घाईची आणि विसरण्याची भर असते. स्वतःच नाव नोंदवून मागविलेले वार्तापत्र काही महिन्यांनी नकोसे झाले, म्हणजे ते बंद करण्याची रीतसर वाट शोधण्याऐवजी ‘स्पॅम’चे बटण दाबणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने ती पत्र दूर करण्याची एक सोपी युक्ती असते. यंत्राच्या दृष्टीने ती साक्ष असते.

हेतुपुरस्सर केलेल्या तक्रारीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००० साली लोकमताच्या चाचण्या घेणाऱ्या हॅरिस इंटरॲक्टिव्ह या अमेरिकन कंपनीला मॅप्सने यादीत घातले, तेव्हा कंपनीने न्यायालयात धाव घेतली. आपल्याविरुद्ध तक्रार करणारा आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या गोटातील आहे, असा तिचा आरोप होता. दावा पुढे मागे घेतला गेला, त्यामुळे आरोपाची शहानिशा झाली नाही. उलट, पाहणीत भाग घेणाऱ्यांची संमती नीट पडताळून घ्यावी, हा मॅप्सचा आग्रहही गैर म्हणता येणार नाही. तथापि बाजारातील स्पर्धकाला तक्रारदार होता येते आणि त्याची साक्ष इतरांच्या बरोबरीने मोजली जाते, ही उणीव त्या निमित्ताने उघड झाली.

तक्रारदारांनाच पारखून घेण्याचा विचार एका भारतीयाने प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. विपुल वेद प्रकाश यांनी १९९८ साली ‘विपुल्स रेझर’ ही व्यवस्था निर्माण केली. तीत स्पॅम पत्राचा गणिती ठसा वापरणारे परस्परांना कळवीत. पुढे तीत प्रत्येक तक्रारदाराची विश्वासार्हता मोजण्याची सोय झाली: ज्याच्या तक्रारी इतर विश्वासू सभासदांशी जुळतात त्याचे वजन वाढावे, ज्याच्या जुळत नाहीत त्याचे घटावे. ‘क्लाउडमार्क’ ही कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली. ही सुधारणा मोलाची होती, कारण तीमुळे यादी उलथविण्यासाठी खोटे तक्रारदार उभे करणे अवघड झाले.

परंतु तिलाही मर्यादा आहे. इतरांशी जुळणे हीच विश्वासार्हतेची कसोटी ठरली, की बहुमताशी न जुळणारी खरी साक्षही हलकी पडते. शिवाय ज्याचे पत्र फार थोड्यांना जाते, त्याच्या बाजूने बोलणारेही थोडेच असतात. रोज लाखो पत्रे पाठविणाऱ्या व्यापारी कंपनीची पत अंकांत मोजता येते. महिन्याकाठी तीनशे वर्गणीदारांना सूचना धाडणाऱ्या वाचनालयाची पत मोजण्याइतका पुरावाच यंत्रापुढे नसतो. आणि पुरावा नाही म्हणजे संशय, असा हिशेब धरला की लहान माणूस आपोआप संशयित होतो.

एकाचा गुन्हा, आळीला शिक्षा

यादी माणसांची नसते, पत्त्यांची असते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. आय.पी. पत्ता हा माणसाच्या अंगठ्यासारखा नव्हे. तो भाड्याच्या खोलीसारखा आहे. आज एक राहतो, उद्या दुसरा. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात एकूण सुमारे ४३० कोटी आहेत. भारत ज्या आशिया-प्रशांत विभागात मोडतो, तेथील मोकळ्या पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या राखीव भागापर्यंत आला. त्यानंतर जुने पत्ते विकत किंवा भाड्याने घेणे आणि एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक बसविणे, हे मार्ग रूढ झाले. म्हणजे नवा भाडेकरू खोलीत पाऊल टाकतो तेव्हा आधीच्याने केलेली बदनामी त्याच्या दाराला चिकटलेली असते.

समजा, सांगलीच्या एखाद्या लहान पतसंस्थेने आपले संकेतस्थळ व ई-मेल एका स्वस्त होस्टिंग कंपनीकडे ठेवला आहे. त्याच यंत्रावर आणखी दोनशे ग्राहक आहेत. त्यांतील एकाचा परवलीचा शब्द चोरीस गेला आणि चोराने रातोरात हजारो फसवी पत्रे पाठविली, तर सकाळी पतसंस्थेच्या सभासदांना वार्षिक सभेची सूचना मिळणे बंद होते. पतसंस्थेने काय केले? काहीही नाही. तिला हे कळते तरी केव्हा? पुष्कळदा सभेला कोणी आले नाही म्हणजे.

हा अपघात झाला. परंतु शेजाऱ्यांना शिक्षा करणे हेच काही याद्यांचे जाहीर धोरण होते आणि आहे. २००१ ते २००६ या काळात चाललेली ‘स्प्यूज’ ही यादी आधी स्पॅम पाठविणाऱ्याचा पत्ता नोंदवी. सेवा देणाऱ्या कंपनीने त्याला हाकलले नाही तर ती आजूबाजूचे पत्ते, मग सारा पट्टा यादीत घाली. निरपराध ग्राहक चिडतील, कंपनीवर दबाव आणतील आणि कंपनी वठणीवर येईल, असा त्यामागील हिशेब होता. ही यादी कोण चालवितो हे अखेरपर्यंत अधिकृतपणे उघड झाले नाही. त्यांना पत्र लिहिण्याची सोय नव्हती. ज्याला दाद मागावयाची असेल त्याने एका सार्वजनिक चर्चागटात आपले गाऱ्हाणे मांडावे आणि ते वाचले जाईल अशी आशा धरावी. ‘यूसीईप्रोटेक्ट’ या आजच्या यादीतील तिसऱ्या स्तरावर तर एका कंपनीचे संपूर्ण जाळेच्या जाळे नोंदविले जाते. तीत लाखो पत्ते असू शकतात. सामूहिक दंडाची ही पद्धत परिणामकारक ठरत असेलही. गावावर सामूहिक दंड बसविणारे परकीय सरकारही तसेच म्हणत असे.

दाद आणि दाम

चुकीने यादीत गेलेल्याला बाहेर पडता आले, तर पुष्कळ अन्याय सुसह्य होतील. पण येथेही अनुभव संमिश्र आहे. काही याद्या कारण सांगतात, अर्ज घेतात आणि विनामूल्य नाव काढतात. काही नोंदी ठरावीक मुदतीनंतर आपोआप गळून पडतात. उलट ‘सॉर्ब्स’ या प्रसिद्ध यादीत काही वर्षे असा नियम होता की, स्पॅमच्या नोंदीतून सुटावयाचे असेल तर मान्यताप्राप्त धर्मादाय निधीस पन्नास डॉलर द्यावे. पैसे यादीवाल्याच्या खिशात जात नव्हते, हे खरे; परंतु निर्दोष मनुष्यानेही दंड भरल्याखेरीज सुटू नये, हे कोणत्या न्यायात बसते? यूसीईप्रोटेक्ट तर लवकर सुटका हवी असणाऱ्यांकडून शुल्क घेते; न देणाऱ्याने मुदत संपण्याची वाट पाहावी. इंटरनेटच्या तांत्रिक मार्गदर्शक दस्तऐवजांच्या मालिकेत जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६४७१ क्रमांकाच्या दस्तऐवजाने या प्रथेवर स्पष्ट ठपका ठेवला आहे: यादी वापरणाऱ्यांकडून पैसे घेणे योग्य, पण यादीतून सुटण्यासाठी पैसे मागणे खंडणीच्या जवळ जाते, असा त्याचा आशय आहे.

अधिकाराला सीमा नसली म्हणजे तो आपले क्षेत्र वाढवितो, हा राजकारणातील नियम येथेही लागू पडतो. जून २००७ मध्ये ‘स्पॅमहाउस’ या सर्वांत प्रतिष्ठित यादीने ऑस्ट्रियाची डोमेन नावे नोंदविणारी संस्थाच काळ्या यादीत घातली. बँकांच्या ग्राहकांना फसविणारी काही नावे ताबडतोब रद्द करा, असा स्पॅमहाउसचा आग्रह होता. आपल्या देशाच्या कायद्यानुसार आपल्याला तसे करता येत नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. फसवणूक खरी होती आणि संताप समजण्यासारखा होता. परंतु ती संस्था स्पॅम पाठवीत नव्हती. स्पॅमच्या उगमांची म्हणून प्रसिद्ध असलेली यादी येथे एका देशाच्या संस्थेवर धोरणात्मक दबाव आणण्याचे शस्त्र बनली.

यादीचा मृत्यू

स्वयंसेवकांच्या कार्याला उत्साह असतो, वारसा नसतो. रात्रंदिवस शिव्या, दावे आणि हल्ले सोसून यादी चालविणारा माणूस एक दिवस थकतो. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ओसिरुसॉफ्ट’ ही यादी स्पॅमवाल्यांच्या सततच्या हल्ल्यांनी जेरीस आली आणि बंद होताना तिने जगातील प्रत्येक पत्ता दोषी असल्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली. ‘ओ.आर.डी.बी.’ ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही हजारो सर्व्हर तिला विचारीतच राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये तिनेही प्रत्येक प्रश्नास ‘दोषी’ असे उत्तर दिले. ‘ए.एच.बी.एल.’ या यादीने २०१५ च्या पहिल्या दिवशी तेच केले. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली.

यादीवाल्यांचा युक्तिवाद असा की, अनेक महिने सांगूनही लोक ऐकत नाहीत, मग धक्का दिल्याखेरीज ते जागे कसे होणार? तो सर्वस्वी खोटा नाही. आपल्या सर्व्हरने कोणाचा सल्ला घ्यावा हे एकदा लिहून ठेवून जे अधिकारी पुढे वर्षानुवर्षे ते पाहत नाहीत, त्यांचा दोष मोठा आहे. परंतु हा धक्का बसतो तो त्या निष्काळजी अधिकाऱ्याला नव्हे; ज्याचे पत्र परत जाते त्याला बसतो. मरणोत्तरही शिक्षा देत राहणारे न्यायालय जगात दुसरे नसेल.

दुसरी बाजू

इतके असूनही, याद्या नष्ट कराव्या असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्यावाचून ई-मेल केव्हाच निरुपयोगी झाला असता. त्या चालविणाऱ्यांनी स्वतः पुष्कळ सोसले आहे. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवर सेकंदाला सुमारे तीनशे गिगाबिट एवढ्या माऱ्याचा हल्ला झाला. तोवर जाहीरपणे माहीत असलेल्या हल्ल्यांत तो सर्वांत मोठा गणला गेला. अशी किंमत मोजून काम करणाऱ्यांना केवळ हुकूमशहा म्हणणे अन्यायाचे होईल.

सारे न्यायालयांवर सोपवावे म्हणावे, तर त्या वाटेचाही अनुभव आहे. ई३६० या अमेरिकन जाहिरातदार कंपनीने स्पॅमहाउसवर इलिनॉयमध्ये दावा लावला. ब्रिटिश संस्थेवर या न्यायालयाचा अधिकार चालत नाही, अशी भूमिका घेऊन स्पॅमहाउसने बचाव सोडून दिला, तेव्हा २००६ साली १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई एकतर्फी मंजूर झाली. पुढे अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०१० साली ती २७,००२ डॉलरवर आली आणि २०११ साली वरिष्ठ न्यायालयाने ती अवघी तीन डॉलर केली. पाच वर्षे आणि वकिलांची फी खर्चून निघालेला निष्कर्ष हा! पत्रे निमिषार्धात अडतात. न्यायालयाला वर्षे लागतात. सांगलीच्या पतसंस्थेला ही वाट उपयोगाची नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. सार्वजनिक याद्या मोडल्या तर निवाडे थांबणार नाहीत. ते केवळ बंद दाराआड जातील. आज बहुसंख्य लोकांच्या पत्रपेट्या दोन-चार महाकाय कंपन्यांकडे आहेत आणि त्यांची पाठविणाऱ्यांच्या पतीविषयीची स्वतःची गणिते असतात. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम जाहीर केले: ओळखीची तांत्रिक खातरजमा, एका टिचकीत वर्गणी बंद करण्याची सोय आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत. नियम जाहीर झाले हे चांगलेच झाले. परंतु प्रत्येक पत्राचा निकाल कसा लागतो हे गुप्तच आहे. सार्वजनिक यादीत आपले नाव आहे की नाही, हे निदान विचारता तरी येते. कंपनीच्या पोटातील यादीला तेही विचारता येत नाही. या दुहेरी पेचाला कंटाळून स्वतःचा मेल सर्व्हर चालविणाऱ्या लहान संस्था एकामागून एक त्याच महाकाय कंपन्यांच्या आश्रयाला जात आहेत. कोणाच्याही मालकीचा नसलेला, कोणालाही उभारता येणारा पत्रव्यवहार हे ई-मेलचे वैभव होते. स्पॅमविरुद्धच्या लढाईत ते वैभवच गमावले, तर विजय कशाचा म्हणावयाचा?

हा प्रश्न ई-मेलपुरता राहिलेला नाही. अनोळखी दूरध्वनी आला की तो ‘स्पॅम’ आहे असे लाल अक्षरांत सांगणारे ‘ट्रूकॉलर’ हे स्वीडिश कंपनीचे साधन याच तत्त्वावर चालते, आणि त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत दुरुस्ती करून, नोंदणी न केलेल्या व्यापारी दूरध्वनींविरुद्ध कारवाई सुरू होण्यासाठी सात दिवसांत दहा तक्रारींऐवजी दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा ठरविल्या. उपद्रव पाहता हे आवश्यकही असेल. परंतु उंबरठा जितका खाली येतो, तितकी तक्रारीच्या सत्यतेची तपासणी कडक व्हावयास हवी, हा धडा ई-मेलच्या इतिहासाने आधीच देऊन ठेवला आहे.

काय करता येईल?

उपाय नवे शोधावयाचे नाहीत. उत्तम याद्या त्यांतील बरेचसे पाळतातच. यादी चालविणारा कोण, हे जाहीर असावे. कोणत्या कृत्याबद्दल नोंद होते, हे आधी लिहिलेले असावे आणि त्या कक्षेबाहेर यादीने जाऊ नये. प्रत्येक नोंदीस कारण, तारीख आणि मुदत असावी. सुटकेचा अर्ज विनामूल्य असावा व त्याचे उत्तर माणसाने द्यावे. शेजाऱ्यांची नोंद गुन्हेगारांच्या यादीत मिसळू नये. यादी बंद करावयाची असेल तर ती मौनाने बंद व्हावी, साऱ्या जगाला दोषी ठरवून नव्हे.

तथापि खरी किल्ली यादी करणाऱ्याच्या हाती नाही. ती वापरणाऱ्याच्या हाती आहे. यादी ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. एका यादीतील नोंद पाहून पत्र फेकून देण्याऐवजी तिला इतर लक्षणांबरोबर काही गुण देणे, दोन-तीन स्वतंत्र साक्षी जुळल्यावरच पत्र अडविणे आणि अडविले तर ते का अडविले हे पाठविणाऱ्यास स्पष्ट शब्दांत कळविणे, हे सारे आजच्या साधनांनी सहज शक्य आहे. ते होत नाही याचे कारण तंत्राची उणीव हे नसून, निवाड्याचे ओझे दुसऱ्यावर टाकण्याची सोय हे आहे.

आपली विद्यापीठे, सहकारी बँका, नगरपालिका आणि शासकीय कार्यालये यांच्या मेल सर्व्हरमध्ये कोणत्या याद्यांची नावे लिहिलेली आहेत, त्यांतील किती अजून जिवंत आहेत आणि त्यांच्या सांगण्यावरून गेल्या वर्षी किती नागरिकांची पत्रे परत गेली, हे संबंधित अधिकाऱ्यांनी एकदा तपासून पाहावे. कार्यालयाने नागरिकाचा अर्ज न वाचताच परत केला तर त्याबद्दल जाब विचारता येतो. तोच अर्ज ई-मेलने आला आणि कोणा दूरस्थ यादीच्या शब्दावरून दारातूनच परत गेला, म्हणून जाब देण्याचे कर्तव्य संपत नाही. सर्व्हर आपला असेल तर त्याने दिलेला नकारही आपलाच आहे, एवढे मान्य झाले तरी या व्यवस्थेतील निम्मा अन्याय दूर होईल.